दगडाचं वय मोजायचं कुठून?

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला: कुठल्याशा मंदिरातली पाषाणमूर्ती 'कार्बन डेटिंगनुसार' पंधरा हजार वर्षं जुनी. खाली हात जोडलेल्यांची रांग. श्रद्धा ज्याची त्याची, पण तिच्यासाठी विज्ञानाचा खोटा शिक्का कशाला?

दगडाचं कार्बन डेटिंग होत नाही. ते लाकूड, हाड, धान्य अशा कधीकाळी जिवंत असलेल्या गोष्टींचं होतं. जीव जगतो तोवर कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार घेत राहतो. मेला की आवक बंद होते आणि साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. ५० हजार वर्षांनंतर मोजण्याजोगं फारसं उरतच नाही.

पारसिकच्या डोंगरातला काळा फत्तर, म्हणजे बेसॉल्ट, वेगळं घड्याळ बाळगून असतो. लाव्हारसात थोडं पोटॅशियम असतं आणि त्यातला दहा हजारांत एखादाच अणू पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी प्रकार. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. विघटन होताना बहुतेक अणूंचं कॅल्शियम होतं. ते आपल्या कामाचं नाही, कारण खडकात मुळातच कॅल्शियम भरपूर. पण साधारण ११ टक्के अणूंचं केंद्रक स्वतःभोवतीचाच एक इलेक्ट्रॉन गिळतं आणि त्याचा आर्गॉन-४० बनतो. आर्गॉन कुणाशी संयोग करत नाही. रस पातळ असेपर्यंत तो निसटून जातो. खडक थिजला, की पुढे तयार होणारा आर्गॉन स्फटिकांत कोंडला जातो. घड्याळ सुरू होतं ते त्या क्षणी.

आता गंमत पाहा. नमुना अणुभट्टीत ठेवून त्यावर न्यूट्रॉनचा मारा केला, की पोटॅशियम-३९ या साध्या, स्थिर प्रकारापैकी थोड्याचा आर्गॉन-३९ होतो. म्हणजे खडकात पोटॅशियम किती, हे आर्गॉन-३९ सांगतो आणि त्यातून किती विघटन झालं, हे आर्गॉन-४०. मग नमुना टप्प्याटप्प्यानं तापवायचा आणि दर टप्प्याला दोन आर्गॉनचं गुणोत्तर काढायचं. ओळीनं अनेक टप्पे एकच वय सांगू लागले, तर ते वय विश्वासार्ह. झिजलेल्या खडकातून आर्गॉन गळालेला असतो, त्यामुळे त्याचे टप्पे आपसात भांडतात. दख्खनच्या लाव्हाचे मुख्य थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, हे अशाच मोजणीतून कळलं.

अंबरनाथचं शिवमंदिर याच काळ्या दगडाचं. शिलालेखात शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, शिलाहारांचा काळ. छिन्नीनं दगड वितळत नाही, म्हणून आतलं घड्याळ कोरीवकामाची दखलही घेत नाही. आर्गॉनला विचाराल तर तो कोट्यवधी वर्षंच सांगणार. आणि खुद्द पोटॅशियमचे अणू तर पृथ्वीच्याही आधी ताऱ्यांत घडलेले.

एखाद्या देवळाच्या पायाखाली कोळसा सापडला, तर त्याचं कार्बन डेटिंग जरूर करता येईल. पण मिळणारं वय त्या लाकडाचं असेल. तेही झाड तोडल्याचंच असेल असं नाही: कोळसा खोडाच्या गाभ्यातला असेल तर ती वलयं झाड उभं असतानाच शतकभर जुनी झालेली असू शकतात.