धर्मभगिनी (खानदेश)

कॅथलिक चर्चमधील व्रतस्थ स्त्रीला धर्मभगिनी म्हणतात. खानदेशात बोलताना मात्र ती ‘सिस्टर’. सरकारी दवाखान्यातली परिचारिकाही सिस्टरच असल्याने ‘कोणती, चर्चची का दवाखान्याची?’ असा खुलासा करावा लागतो, आणि काही वेळा उत्तर ‘दोन्ही’ असे येते. ‘नन’ हा शब्द चित्रपटांनी रुळवला. काटेकोर अर्थाने नन मठाच्या भिंतीआड राहून प्रार्थना करते. शाळेत शिकवणारी, पाड्यांवर फिरणारी ती भगिनी. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते दोघींनाही असतात. शिक्षिका असलेल्या भगिनीचा पगार तिच्या संघाकडे, म्हणजे ती ज्या भगिनींच्या संस्थेत असते तिच्याकडे, जातो. चर्चमध्ये तिला मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण करता येत नाही. तो अधिकार पुरुष धर्मगुरूंचा. न्यायाच्या कामाला वाहून घेतलेल्या स्त्रियांची स्वतःच्या घरातली, म्हणजे चर्चमधली, ही जागा नोंदवायलाच हवी.

खानदेशातले ख्रिस्ती लोक म्हटले की नंदुरबार-नवापूरकडचे आदिवासी ख्रिस्ती डोळ्यांसमोर येतात. त्यांतले बहुतेक प्रोटेस्टंट मिशनांच्या परंपरेतले आहेत; चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालयही त्याच परंपरेतले. त्या चर्चमध्ये धर्मभगिनी नसतात. कॅथलिकांची संख्या त्यामानाने थोडी. भुसावळसारख्या ठिकाणी ते रेल्वेच्या नोकऱ्यांबरोबर आले. धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) वेगळ्या झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात.

शाळा आणि दवाखाना ही भगिनींची जुनी कामे. ‘न्याय, शांती आणि सृष्टीची निगा’ ही जोड नंतरची. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) संघांना आपल्या मूळ प्रेरणेकडे नव्याने पाहायला सांगितले, आणि १९६७ मध्ये रोममध्ये न्याय व शांतीसाठी आयोग स्थापन झाला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाने गरिबाचे दुःख आणि जमिनीचे दुःख एकाच संकटाचा भाग असल्याचे मांडले. ही गोष्ट सातपुड्यात समजावून सांगावी लागत नाही. जंगल गेले की मोह, चारोळी जाते, पाण्यासाठीची पायपीट वाढते, आणि दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेऊन कुटुंब गुजरातेत ऊसतोडीला निघते. मुले बरोबर गेली तर शाळा सुटते. म्हणून इथे भगिनींचे वसतिगृह ही केवळ शिक्षणाची सोय राहत नाही.

न्यायाचा प्रश्न इथे बहुधा कागदाच्या रूपात येतो. जंगलजमीन कसणाऱ्यांना तिच्यावर हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा. त्यानुसार वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचे पुरावे ग्रामसभेपुढे मांडावे लागतात. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली, त्यांच्या पुनर्वसनाचेही कागदच. शांतीचा प्रश्न गावातच असतो: आजारपण किंवा मृत्यू झाला की एखाद्या बाईला ‘डाकीण’ ठरवण्याची प्रथा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरला, तरी पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याआधी त्या बाईला रात्री कुठे झोपवायचे हा प्रश्न उरतोच. सपाटीवर, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, सृष्टीचा प्रश्न खोल गेलेल्या भूजलाचा आहे.

या कामातला धोका दाखवणारे सर्वांत ठळक उदाहरण खानदेशातले नाही, पण फार लांबचेही नाही. सातपुडा आणि नर्मदा ओलांडून मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, उदयनगर भागात, केरळच्या सिस्टर राणी मारिया भूमिहीनांना सावकारांविरुद्ध संघटित करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाताना बसमध्ये हल्ला करून त्यांचा खून करण्यात आला. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले.

धर्मांतराचा संशय या कामाच्या मागे कायम असतो. तो सरसकट खरा मानणे जितके सोपे, तितकेच सरसकट उडवून लावणेही. वसतिगृहात शिकलेल्या कितीतरी मुली आपले देव आणि होळी सांभाळूनच आहेत.

भाषेची अडचण मात्र रोजची. केरळ किंवा मंगळूरहून आलेली भगिनी आधी मराठी शिकते. मग धडगावच्या बाजूला पोचल्यावर तिच्या लक्षात येते की घरात पावरी किंवा भिली बोलतात, नवापूरकडे मावची, आणि बाजारात अहिराणी. चार-सहा वर्षांत कान तयार होतो, कोणाचा दावा तहसीलमध्ये कुठे अडकला आहे हे तोंडपाठ होते, आणि तेवढ्यात बदली येते. आज्ञापालनाच्या व्रतामुळे ती नाकारणे कठीण. मागे राहिलेली फाइल नवीन सिस्टर उघडते, तेव्हा तिला अजून बसचा फलकही नीट वाचता येत नसतो.