रिटेन्शन बोनस (लष्करी पायलट)

लष्करी पायलटचं ट्रेनिंग झालं, सक्तीची वर्षं भरली आणि आता तो एअरलाइनकडे जायला मोकळा झाला की त्याने जाऊ नये म्हणून सरकार पगाराच्या वर जे पैसे देतं तो रिटेन्शन बोनस. पगार, फ्लाइंग अलाउन्स आणि बोनस या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, पण कट्ट्यावर बोलताना सगळे त्या एकातच घालतात. पगार रँकचा, अलाउन्स उडण्यातल्या धोक्याचा, आणि बोनस अजून न केलेल्या नोकरीचा.

खानदेशात हे समजावायला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतमजूर, पुरतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार ठरतो, सालाचा आकडा बोलला जातो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम हातात पडली की माणूस वर्षभर बांधला गेला, आणि मधेच सोडून गेला तर उचल परत करायची. अमेरिकन हवाईदलाचा बोनस जवळपास असाच चालतो, इतक्या वर्षांचा करार, वर्षाला इतके डॉलर, काही वर्षी एक हिस्सा आगाऊ घ्यायची सोय, आणि करार मोडला तर न राबलेल्या वर्षांचे पैसे वसूल. आणि सालदार किती उचल मागतो हे जसं शेजारच्या मळ्यात माणूस पाहिजे का यावर ठरतं तसंच पायलटचं एअरलाइनची भरती चालू आहे का यावर ठरतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

अमेरिका

उडणाऱ्याला जास्त पैसे ही कल्पना जुनी आहे. १९१३ साली अमेरिकेने लष्करातल्या उडणाऱ्या अधिकाऱ्यांना पगारावर ३५ टक्के वाढ दिली, कारण तेव्हाची विमानं म्हणजे लाकूड, कापड आणि नशीब. १९७४ च्या कायद्याने हा फ्लाइट पे करिअरशी जोडला, म्हणजे ठराविक वर्षांपर्यंत ठराविक महिने प्रत्यक्ष कॉकपिटमध्ये काढलेले असले तर पुढे ऑफिसात बसला तरी पैसे चालू राहतात. हवाईदलात खरा बोनस १९८९ ला आला, तेव्हा एअरलाइन्स जोरात भरती करत होत्या आणि पायलट रांगेने निघून जात होते.

त्यानंतर आकडा चढतच गेला. कायद्याची मर्यादा बरीच वर्षं वर्षाला २५,००० डॉलर होती, २०१३ मध्ये फायटर पायलटला ९ वर्षांचा करार केला तर २,२५,००० डॉलर मिळायचे. मग २०१७ च्या संरक्षण कायद्याने मर्यादा ३५,००० केली, २०२३ च्या कायद्याने ५०,०००. म्हणजे १२ वर्षांचा पूर्ण करार केला तर ६ लाख डॉलर. ऐकायला डोळे फिरतात, पण त्याच २०२३ च्या मार्चमध्ये डेल्टा एअरलाइन्सच्या पायलटांनी चार वर्षांत मिळून ३४ टक्के पगारवाढीचा करार पास केला, मग ६ लाखांचं तेज थोडं कमी होतं. शिवाय तिथे एअरलाइनच्या लायसन्सला साधारण १,५०० तास लागतात पण लष्करी पायलटला ७५० तासांवर ते मिळू शकतं, म्हणजे दार आधीच अर्धं उघडं.

सरकारला हे परवडतं कसं? रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने २०१९ मध्ये हिशोब मांडला होता. एफ-१६ या फायटर विमानाचा एक बेसिक तयार पायलट घडवायला ५६ लाख डॉलर, एफ-२२ या त्याहून नव्या फायटरचा असेल तर १ कोटी ९ लाख डॉलर, आणि सी-१७ सारख्या ट्रान्सपोर्ट विमानाचा साधारण ११ लाख. म्हणजे अनुभवी फायटर पायलट गेला की त्या जागी नवीन उभा करण्यापेक्षा जुन्याला बोनस देऊन थांबवणं कितीतरी स्वस्त पडतं. ट्रान्सपोर्टवाल्याचं ट्रेनिंग स्वस्त, पण एअरलाइनला नेमका तोच आवडतो, कारण मोठं विमान आणि दोघांच्या क्रूची सवय त्याला आधीच असते.

तरीही बरेच जण सही करत नाहीत. कारण पैसा एकटा नसतो, सतत बाहेरच्या ड्युट्या, दर दोन-तीन वर्षांनी घर हलवायचं, बायकोची नोकरी मोडते, पोरांची शाळा बदलते, आणि सगळ्यात मोठं म्हणजे रँक वाढली की उडणं कमी आणि फाइल जास्त. म्हणून २०२३ पासूनच्या एका प्रायोगिक स्कीममध्ये पैशाबरोबर पसंतीच्या पोस्टिंगचीही ऑफर ठेवली. माझ्या मते हे आधीच करायला पाहिजे होतं. ब्रिटनने वेगळी वाट धरली, तिथे २००३ पासून ज्यांना साहेब व्हायचं नाही, फक्त उडायचंय अशा पायलटांसाठी वेगळी पगारश्रेणी आहे.

भारत

आपल्याकडे अमेरिकेसारखा करार करून मिळणारा बोनस नाही. सातव्या वेतन आयोगानुसार फ्लाइंग ऑफिसरचं बेसिक ५६,१०० पासून सुरू होतं, सगळ्या लष्करी अधिकाऱ्यांना ब्रिगेडियरच्या बरोबरीच्या रँकपर्यंत १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे, आणि उडणाऱ्या अधिकाऱ्याला महिन्याला २५,००० फ्लाइंग अलाउन्स ठरला होता. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की असे भत्ते २५ टक्क्यांनी वाढतात असा नियम आहे. सियाचीनचा भत्ता ४२,५०० ठरला होता, त्यावरून कुणाचा धोका किती मोठा यावर अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये वाद होतच असतात, तो विषय वेगळा.

हा अलाउन्स महिन्याचा असतो, तासाचा नाही. २५ नोव्हेंबर २००९ ला आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना पुण्याहून सुखोईत बसून उडाल्या, तो जी-सूटमधला फोटो जळगावात अजून निघतो. पुढच्या सीटवरच्या पायलटला त्या दिवशी वेगळं काय मिळालं असेल? तर काही नाही, महिन्याचा आकडा तोच.

मग इथे पायलट थांबतो कशावर? नियमावर आणि पेन्शनवर. अधिकाऱ्याला पेन्शन बसायला २० वर्षं लागतात, म्हणजे २२ व्या वर्षी कमिशन झालेला (अधिकारी म्हणून रुजू झालेला) पोरगा ४२ ला पेन्शन घेऊन मोकळा होतो आणि एअरलाइनमध्ये ६५ पर्यंत उडता येतं, म्हणजे हातात अजून २३ वर्षं. भाऊ, यात बोनस लागतोच कुठे, पेन्शनच २० वर्षं धरून ठेवते आणि त्याच दिवशी सोडूनही देते. शॉर्ट सर्व्हिसने, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या नोकरीवर, फ्लाइंग ब्रँचमध्ये आलेल्याचं वेगळं आहे, त्याची १४ वर्षं ठरलेली, पेन्शन नाही, त्यामुळे तो बाहेरचा विचार आधीपासूनच करून ठेवतो.

मधेच सोडायचं तर अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईलच असं नाही, माणसं कमी असली की दल नाही म्हणू शकतं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हवाईदलातल्या एका एअरमनच्या केसमध्ये सांगितलं की मनाला येईल तेव्हा नोकरी सोडायचा हक्क नाही. तो पायलट नव्हता, बँकेत अधिकारी म्हणून निवड झालेला जवान होता, पण तत्त्व सगळ्यांना लागतं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तर लष्करी व्यवहार विभागाने उलटाच प्रस्ताव काढला, २० ते २५ वर्षांत निघणाऱ्याला पेन्शन निम्मीच द्यायची, पूर्ण पेन्शन ३५ वर्षं झाल्यावर. माजी सैनिकांनी आरडाओरडा केला आणि तो अमलात आला नाही. जादा पैसे देऊन थांबवण्याऐवजी असलेले पैसे कापून थांबवायचं, ही आपली पद्धत मला तरी पटत नाही.

माणसं कमी आहेत हे मात्र खरं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या रिपोर्टनुसार फेब्रुवारी २०१५ मध्ये हवाईदलात ४८६ पायलट कमी होते, २०२१ संपता संपता तो आकडा ५९६ झाला. दरवर्षी २२२ नवीन पायलट घ्यायचं ठरलेलं, तेवढे घेता आले नाहीत. म्हणजे तुटवडा फक्त सोडून जाणाऱ्यांमुळे नाही, नवीन येण्याचं दारच अरुंद आहे, ट्रेनर विमानांचाही प्रश्न आहे. नुसत्या बोनसने हे भरून निघणार नाही.

खानदेशातून पाहिलं तर

इथे पायलट होण्याचे दोन रस्ते आणि दोन्हींचा खर्च उलट दिशेने. धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लबची ट्रेनिंगची विमानं घिरट्या घालत असतात, शिरपूरलाही विमान उडवायचं शिक्षण मिळतं, जळगाव विमानतळावरही फ्लाइंग स्कूल आलं. इथे कमर्शियल लायसन्सचे २०० तास भरायला बापाला लाखो रुपये मोजावे लागतात, केळीचा एखादा सीझन नाही, कधी वावरच गहाण जातं. दुसरा रस्ता संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेतून एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), तिथून पुढे हैदराबादजवळ दुंडीगलची हवाईदलाची अकादमी, तिथे ट्रेनिंगचा खर्च सरकार करतं, आणि म्हणूनच नंतर सरकार सोडतही नाही.

एअरलाइनवालेही पायलट सहज सोडत नाहीत बरं का. २०१७ मध्ये डीजीसीएने (नागरी विमानवाहतुकीचे नियम करणारी सरकारी संस्था) कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस बंधनकारक केली. म्हणजे लष्करातून सुटून तिकडे गेलेल्याला तिकडेही खुंटा असतोच, फक्त त्या खुंट्याचा पगार जास्त.

आठव्या वेतन आयोगाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली, न्या. रंजना प्रकाश देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत, रिपोर्टला १८ महिन्यांची मुदत आहे. लष्कराचे पगार आणि भत्ते त्याच आयोगाकडे असतात, त्यामुळे फ्लाइंग अलाउन्सचा पुढचा आकडा तिथूनच येईल.