स्प्रिंगच्या मदतीने उघडणारा रंगीत घडीचा चाकू : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

या चाकूचे पाते स्प्रिंग एकटी उघडत नाही. सुरुवात तुमच्या बोटाने करायची. पाते साधारण २५ ते ३० अंश बाहेर आले की पुढचे काम स्प्रिंग करते. बटण दाबताच उघडणारा खटक्याचा चाकू वेगळा. त्यात स्प्रिंग पात्याला सतत बाहेर ढकलत असते आणि खटका त्याला अडवून धरतो. आपल्या चाकूत मात्र तो बंद असताना हीच स्प्रिंग पात्याला आत दाबून धरते. हा फरक नीट समजला की पुढच्या बहुतेक सूचना आपोआप पटतील.

आत काय आहे

मुठीच्या आत एक वाकवलेली पोलादी तार आहे. तिचे एक टोक मुठीत अडकवलेले असते, दुसरे पात्याच्या बुडातल्या खाचेत. पाते फिरू लागले की तार पिळली जाते. पाते एका ठरावीक कोनापलीकडे गेले की तारेची ओढ उलट्या बाजूला वळते आणि पाते झपकन उघडते. पाते मागे एका आडव्या खुंटीवर टेकते. त्याच वेळी मुठीतली पोलादी पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडामागे बसते, म्हणून ते आपोआप मिटत नाही. मुठीच्या टोकाशी एक छोटा सरकता अडसर आहे. तो लावला की बंद पाते टोकापाशी अडते आणि बोट दाबूनही उघडत नाही.

बंद लांबी १०.२ सेंमी, पाते ७.२ सेंमी, उघडल्यावर एकूण १७.४ सेंमी. पात्याची रुंदी २ सेंमी, पाठीची जाडी २.८ मिमी, वजन ९६ ग्रॅम. पाते ८सीआर१३एमओव्ही या स्टेनलेस पोलादाचे आहे : कार्बन सुमारे ०.८ टक्के, क्रोमियम सुमारे १३ टक्के, कठीणपणा रॉकवेल सी मापावर ५७ ते ५९. हे पोलाद फार महाग नाही. त्याची धार महागड्या पोलादापेक्षा लवकर उतरते, पण घरच्या दगडावर दहा मिनिटांत परत येते. रोजच्या वापराला हा सौदा आम्हाला योग्य वाटतो.

रंग कोणता घ्यावा

रंगाचा निर्णय निव्वळ आवडीवर सोडू नका. उसात, भाजीच्या वाफ्यात किंवा गवतात काम असेल तर हिरवी मूठ घेऊ नका. खाली पडली की शोधत बसावे लागते. तिथे शेंदरी उत्तम. कोकणच्या तांबड्या मातीत लाल आणि शेंदरी दोन्ही हरवतात, तिथे मोरपंखी घ्या. गोदामात पुठ्ठ्याची खोकी फोडणाऱ्यांनी कोणताही भडक रंग घ्यावा, म्हणजे चाकू रद्दीबरोबर भंगारात जाणार नाही.

मुठीचा रंग हा वरून दिलेला पेंट नाही. अॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा सच्छिद्र थर चढवतात, त्या छिद्रांत रंग मुरवतात आणि गरम पाण्यात छिद्रे बंद करतात. त्यामुळे रंगाचे पापुद्रे निघत नाहीत. त्याचे दोन शत्रू मात्र आहेत. पहिला ऊन : गाडीच्या डॅशबोर्डवर महिनोन्‌महिने ठेवलेली मूठ फिकी पडते. दुसरा क्षार : धुण्याचा सोडा, ओले सिमेंट आणि चुना. पान-तंबाखूची चुन्याची डबी आणि चाकू एकाच खिशात असतील तर मुठीवर पांढरट चट्टे पडतात. चुना त्या थरालाच खातो, त्यामुळे हे चट्टे पुसून जात नाहीत.

इंद्रधनुषी पात्याची गोष्ट निराळी. तिथे रंगद्रव्य मुळीच नाही. टायटॅनियमच्या अतिपातळ थरावर प्रकाश पडून वेगवेगळे रंग दिसतात. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसेच. म्हणूनच बोटाचे तेल लागले की निळा भाग पिवळट किंवा जांभळट भासतो. घाबरू नका, स्पिरिटने पुसले की मूळ रंग परत येतो. ओरखडा पडला तर मात्र तो कायमचा.

उघडणे आणि मिटवणे

अडसर मागे घ्या. मूठ चारही बोटांत अशी धरा की बोटांची पेरे पाते बाहेर येण्याच्या वाटेत नसतील. मुठीच्या पाठीवर वर आलेले छोटे बोंड तर्जनीने मागे ओढा. मनगटाला झटका देऊ नका. झटक्याने पाते खुंटीवर जोरात आदळते, आणि काही महिन्यांत खुंटीजवळचे छिद्र रुंदावून पाते डुलू लागते. "टक्" असा एकच स्पष्ट आवाज यायला हवा. त्यानंतर पट्टी पात्याच्या बुडामागे बसली आहे का, हे डोळ्यांनी पाहा. पात्याच्या जाडीच्या चौथ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ती आत आलेली असावी.

बोट कापण्याच्या घटना बहुतेक वेळा मिटवताना होतात. अंगठ्याने पट्टी बाजूला दाबताना तोच अंगठा पात्याच्या वाटेत असतो. म्हणून पट्टी दाबा, दुसऱ्या हाताने पाते पाठीकडून थोडे मिटवा. बोंड तर्जनीला टेकेल आणि पाते तिथेच थांबेल. आता अंगठा काढा, तर्जनीही काढा आणि पाठीवर तळहात ठेवून पाते आत लोटा. लोटताना आधी विरोध जाणवेल, कारण तार पुन्हा पिळली जाते. शेवटच्या टप्प्यात ओढ उलटते आणि पाते स्वतःहून आत झेपावते. साध्या घडीच्या चाकूची सवय असलेल्यांना हा शेवटचा झपाटा अनपेक्षित वाटतो. पहिल्या दिवशी पात्याला कागदी चिकटपट्टी गुंडाळून वीस-पंचवीस वेळा सराव करा.

खिशात ठेवताना अडसर लावलेलाच असावा. क्लिप खिशाच्या काठाला लावा आणि बंद पात्याची पाठ, म्हणजे पाते बाहेर येण्याची बाजू, मागच्या शिवणीला टेकलेली ठेवा, म्हणजे शिवण पात्याला आडवी येते. त्या खिशात किल्ल्या टाकू नका. किल्ली बोंडाला अडकली आणि अडसर उघडा असला, तर पाते खिशातच उघडू शकते.

कशासाठी, कशासाठी नाही

सुतळी, पॅकिंगची पट्टी, पुठ्ठा, ठिबकची नळी, फळे, कापड, दोर यांसाठी हा चाकू आहे. डब्याचे झाकण उचकटणे, स्क्रू फिरवणे, नारळ फोडणे यासाठी नाही. टोक जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे असते. आडवा जोर दिला की ते तुटते, आणि तुटलेले टोक डोळ्यात जाऊ शकते. कापताना जोर नेहमी शरीरापासून दूर द्या. लहान मुलांच्या हाती देऊ नका. एका बोटाने उघडणारी वस्तू त्यांना खेळण्यासारखी वाटते.

निगा

कैरी, चिंच, लिंबू, कोकम कापले की लगेच पाण्याने धुऊन कोरडे करा. स्टेनलेस म्हणजे गंज अजिबात न येणारे पोलाद, असे नाही. आंबट रस रात्रभर राहिला तर सकाळी करडे ठिपके दिसतात. समुद्रकाठी पावसाळ्यात दर आठवड्याला साफ करा. खाऱ्या हवेत पात्यापेक्षा आतली तार आधी धोक्यात येते, आणि ती तर दिसतही नाही.

साफ करण्याची पद्धत अशी. चाकू उघडा, कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने मुठीच्या फटी घासा, साध्या पाण्याने धुवा, झटका आणि पंख्याखाली निदान एक तास उघडाच ठेवा. मग आसाच्या, म्हणजे पाते ज्या स्क्रूवर फिरते त्याच्या, दोन्ही बाजूंना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्या आणि पाते दहा वेळा उघडमीट करा. पट्टी पात्याला जिथे टेकते ती जागा शेवटी स्पिरिटने कोरडी करा. तिथे तेल राहिले तर पट्टी घसरते आणि पाते हातावर मिटते.

खोबरेल तेल वापरू नका. थंडीत ते २४ अंशांच्या आसपास गोठते, आणि सकाळी चाकू अर्ध्यावर अडकतो. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल काही आठवड्यांत चिकट होते. मराठवाड्यासारख्या धुळीच्या भागात तेल कमीच बरे : फक्त एकाच बाजूला एक थेंब, आणि वरचे पुसून टाका. जास्त तेलात धूळ बसून तिची घासणारी लुगदी होते.

धार

१००० आणि ३००० नंबरचे दोन दगड पुरतात. प्रत्येक बाजूला २० अंशांचा कोन ठेवायचा. कोन मोजायला साधन नको : पात्याची पाठ दगडापासून साधारण ७ मिमी वर, म्हणजे शाळेच्या पेन्सिलीच्या जाडीइतकी उचला. दगड ओला ठेवा. एका बाजूने घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला धातूची बारीक खरखरीत किनार नखाला लागत नाही. मग बाजू बदला. शेवटी ३००० वर हलक्या हाताने आलटूनपालटून दहा-दहा फेऱ्या आणि जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने काही फेऱ्या. इंद्रधनुषी पात्याची पाठ फार खाली नेली तर रंगाचा थर खरवडला जाईल.

रस्त्यावरच्या कोरड्या फिरत्या साणेवर हे पाते देऊ नका. धारेवर निळसर झाक आली की समजावे, उष्णतेने तिथला कठीणपणा गेला. ती जागा पुन्हा पुन्हा बोथट होत राहते.

बिघाड कसा ओळखावा

पाते अर्ध्यावर थांबते : दहापैकी नऊ वेळा खिशातला कापूस किंवा सुकलेले तेल. आधी वर दिल्याप्रमाणे धुवा. तरीही थांबत असेल तर आसाचा स्क्रू घट्ट झालेला असतो. टी८ टॉर्क्सने (ताऱ्यासारख्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने) तो एका फेऱ्याच्या फक्त आठव्या भागाइतका सैल करा आणि पुन्हा पाहा.

पाते आडवे डुलते : तोच स्क्रू तितकाच आवळा. कंपनाने वारंवार सैल होत असेल तर स्क्रूवर निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या डिंकासारख्या द्रवाचा) एक थेंब. लाल थ्रेडलॉकर वापरला तर स्क्रू नंतर निघणार नाही. क्लिपचे स्क्रू टी६ चे आहेत आणि अॅल्युमिनियममध्ये बसतात; जोर दिला की आटे जातात.

बंद पाते सैल लोंबते : तार तुटली आहे. ही सर्वांत धोक्याची अवस्था, कारण अडसर सोडला तर पात्याला आत धरून ठेवणारे दुसरे काहीच उरत नाही. अडसर लावा, वर चिकटपट्टी गुंडाळा आणि चाकू खिशात ठेवू नका. तार बहुधा वाकलेल्या कोपऱ्यावर तुटते, गंजाचा ठिपका असेल तर लवकर.

मूठ घरी उघडू नका. तार ताणलेली असते, सुटली की उडते. वॉशरचा क्रम चुकला तर पाते मध्यभागी न मिटता मुठीला घासते.

प्रवास आणि कायदा

हा प्रकार १९९०च्या दशकात अमेरिकेत रुळला. तिथल्या खटक्याच्या चाकूंविषयीच्या १९५८च्या केंद्रीय कायद्यात २००९ साली दुरुस्ती होऊन, बंद राहण्याकडे ओढ असलेले चाकू वगळले गेले. सगळीकडे तसे नाही. ब्रिटनमध्ये २०२१ पासून स्प्रिंगच्या मदतीने उघडणारा चाकू घरात बाळगणेही गुन्हा आहे. लंडनला असलेल्या मुलाला किंवा भाच्याला हा भेट म्हणून पाठवू नका.

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ खालील नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. आपले पाते त्याहून बरेच लहान आहे. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१च्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढतात, त्यात चाकूही येतात. निवडणुका आणि मोठ्या सणांच्या काळात असे आदेश नेहमीचेच, आणि ते मोडल्यास कलम १३५ लागते. दिल्लीत १९८०च्या अधिसूचनेने स्प्रिंगच्या चाकूंवर ७.६२ सेंमी लांबी आणि १.७२ सेंमी रुंदीचे माप घातले आहे. तिकडे हा चाकू नेऊच नका. मिरवणूक, सभा, न्यायालय, शाळा-कॉलेज, मेट्रो इथेही नको. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात ठेवा. आमचे बिल म्हणजे परवाना नव्हे.

दुरुस्तीसाठी आणताना

चाकू धुऊन, कोरडा करून, अडसर लावून आणा. पुठ्ठ्याच्या दुमडलेल्या पट्टीत घालून वर चिकटपट्टी लावा. पाते नेमके कोणत्या टप्प्यावर अडते, आधी कोणते तेल घातले होते आणि कोणता स्क्रू फिरवला होता, हे एका चिठ्ठीवर लिहा. आटे गेलेला स्क्रू फेकू नका, सोबत द्या. त्याच्यावरून आतले आटे किती शिल्लक आहेत ते कळते.