‘रविवारी येतोस का?’ : मित्राला दिलेल्या आमंत्रणाची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या उपासक-गटांत, सुवार्तेचा, म्हणजे येशूचा संदेश इतरांना सांगण्याचा, विषय निघाला की पाळकांचं सांगणं हल्ली साधारण एकाच वळणावर येतं. स्टेशनबाहेर पत्रिका वाटू नका, लोकलच्या डब्यात उभं राहून बोलू नका. ओळखीच्या एका माणसाला स्वतः विचारा, ‘रविवारी येतोस का आमच्याबरोबर?’ आला तर त्याच्या शेजारी बसा, गीताचं पान काढून द्या, उपासनेनंतर चहाला थांबवा. नाही म्हणाला तर त्याला भंडावू नका. मंडळीतल्या जुन्या लोकांना हे मिळमिळीत वाटतं. त्यांच्या मते सुवार्ता चारचौघांत सांगायची असते. बाहेरच्या टीकाकारांना हेच गोड बोलून केलेलं धर्मांतर वाटतं. आणि ही पद्धत कालपरवा परदेशातून आली, यावर मात्र दोघांचंही एकमत असतं. ती परदेशातून आली हे खरंच आहे. पण निघाली कुठून, आणि इथे आल्यावर तिला आजचा आकार कशामुळे मिळाला, ही गोष्ट जरा लांबची आहे.

ठाण्यापुरतं बोलायचं तर ख्रिस्ती लोकांची जुनी नोंद एका घरातलीच आहे. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू समुद्रमार्गे ठाण्याला आले आणि इथल्या एका पूर्वेकडील परंपरेच्या ख्रिस्ती कुटुंबात उतरले. म्हणजे त्यांच्याही आधी इथे ख्रिस्ती घरं होती. यजमान नवरा-बायकोचं भांडण काझीपर्यंत गेलं, साक्षीसाठी साधूंना बोलावलं गेलं, बोलणं धर्मावर घसरलं आणि चौघांचाही जीव गेला. त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले. पुढे १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे परत घेईपर्यंत इथला धर्मप्रसार राज्यसत्तेच्या सावलीत झाला. त्या दोनशे वर्षांवर स्वतंत्रपणे लिहावं लागेल. एवढंच नोंदवतो की तलावपाळीच्या आसपासची, कोलशेत-माजिवड्याकडची जुनी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक लोकांची, घरं ‘आमंत्रण’ या अर्थाने फारशी बोलतच नाहीत. त्यांच्या सणाला शेजारी येतात, फुगे (तळलेले पिठाचे गोळे) आणि मटण खातात, घरी जातात. त्यात कुणाला काही पटवायचं नसतं.

मराठी प्रोटेस्टंट परंपरेचा आरंभ १८१३ चा, ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेने मिशनऱ्यांना वाट मोकळी केली तेव्हाचा. एकोणिसाव्या शतकातली त्यांची रीत उघड आणि वादाची होती: बाजारातलं प्रवचन, शाळा, छापील पत्रिका, पंडितांशी जाहीर चर्चा. तरीही ज्या बाप्तिस्म्यांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात त्यांतल्या बऱ्याच दोन माणसांमधल्या आहेत. नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या एका मराठी कवीला गाडीतल्या युरोपियन सहप्रवाशाने बायबलमधला नवा करार दिला आणि त्याने तो वाचून काढला, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती घरांत सगळ्यांना पाठ आहे. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्याने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच्या बायकोने १९०० मध्ये. मधली वर्षं त्या घराने कशी काढली हे तिने स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि गाडीतल्या भेटीची गोष्ट रंगवून सांगणाऱ्यांनी तेही सांगायला हवं. निमंत्रण एकाला असतं, परिणाम सगळ्या घरावर होतो. याच कवीने अखेरच्या काळात साताऱ्याहून ‘देवाचा दरबार’ नावाची कल्पना मांडली. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र बसायचे होते. १९१९ मध्ये तो वारला आणि दरबार विरला, पण आज वाशी-नेरुळच्या प्रार्थनेत वर्षानुवर्षं येणारा, बाप्तिस्मा न घेतलेला माणूस पाहिला की त्या कल्पनेची आठवण होते.

आता परदेशाकडून आलेल्या भागाकडे. मध्य प्रदेशातल्या दमोहला जन्मलेल्या आणि छत्तीसगढमध्ये आयुष्याची उमेदीची वर्षं घालवलेल्या एका अमेरिकन मिशनऱ्याने १९५५ मध्ये एक सिद्धांत मांडला. विश्वास नात्यागोत्यांच्या वाटेने पसरतो, आणि एकेकट्या माणसाला त्याच्या गोतातून उपटून काढणं चुकीचं आहे, असं त्याचं म्हणणं. पुढे कॅलिफोर्नियात त्याने याच विषयाचं अध्यापन केलं. अमेरिकेत असं गोत कुठलं? तिथे गोताच्या जागी मित्र, शेजारी, सहकारी आले आणि त्याला एक तंत्र मिळालं. १९७७ मध्ये लंडनच्या एका अँग्लिकन चर्चमध्ये जेवण, भाषण आणि मोकळे प्रश्न असा अभ्यासक्रम सुरू झाला, जो नंतर जगभर गेला. २००४ मध्ये मँचेस्टरच्या धर्मप्रांतात वर्षातला एक रविवार ठरवून प्रत्येकाने एकेका ओळखीच्या माणसाला चर्चला घेऊन यायचं, असा उपक्रम निघाला. हे सगळं आपल्याकडे आधी इंग्रजी मंडळ्यांत आलं, मग भाषांतरित होऊन मराठीत. म्हणजे छत्तीसगढच्या खेड्यांत दिसलेली गोष्ट कॅलिफोर्निया आणि इंग्लंड फिरून ठाणे-बेलापूर रस्त्यावर उतरली, आणि वाटेत तिच्यातलं गोत गळालं. माझ्या मते हे नुकसानच झालं. एकट्या मित्राला बोलावणारे लोक त्याच्या आईबापांचा विचार क्वचित करतात.

पण इथल्या आमंत्रणाला खरा आकार दिला तो कायद्याने. त्यातही १९७७ च्या एका निकालाने.

संविधानाच्या २५ व्या कलमात धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. यातल्या ‘प्रसार’वर ६ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खडाजंगी झाली. धर्म खासगीतच पाळावा अशी दुरुस्ती एका सदस्याने सुचवली होती. प्रसाराचा हक्क देणं घातक आहे, असं दुसऱ्याने बजावलं. उलट बाजूने मुंबईच्या एका नामांकित वकील-साहित्यिकाने सांगितलं की हा शब्द गाळला तरी भाषणस्वातंत्र्याखाली दुसऱ्याला आपलं म्हणणं पटवून देता येणारच. शब्द राहिला. १९५४ मध्ये दक्षिणेतल्या एका मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसार चर्चमध्ये होतो, मठात होतो, देवळात होतो की दिवाणखान्यातल्या बैठकीत, याने फरक पडत नाही. घरात जमणाऱ्या मंडळ्यांना आजही यापेक्षा कामाचं वाक्य दुसरं सापडणार नाही.

याच सुमारास तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने, ज्याची राजधानी नागपूर होती आणि ज्यात विदर्भही होता, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी लावली. अहवाल १९५६ मध्ये आला आणि त्याचा सूर कडक होता. ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये कायदे केले: बळजबरी, आमिष किंवा फसवणूक करून धर्मांतर करायचं नाही. ओरिसाच्या कायद्यात बळजबरीच्या व्याख्येत देवाच्या कोपाची भीती घालणंही होतं. आता नरकाबद्दल एक वाक्यही न बोलता किती प्रवचनं पूर्ण होतील, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. ओरिसाच्या उच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तो कायदा रद्द केला, आमिषाची व्याख्या फार मोघम आहे हे त्यातलं एक कारण. मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने १९७४ मध्ये आपला कायदा उचलून धरला. तिथला खटला रायपूरच्या एका धर्मगुरूचा होता.

दोन्ही प्रकरणं वर गेली आणि १७ जानेवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने दोन्ही कायदे वैध ठरवले. निकालाचा गाभा असा: प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडून तो पोचवणं, दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क त्यात येत नाही. कुणी हेतुपुरस्सर दुसऱ्याचं धर्मांतर करायला निघाला तर तो त्या दुसऱ्याच्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याला धक्का लावतो.

निकाल आणीबाणीच्या अखेरच्या महिन्यांतला आहे, हे बरेच जण विसरतात. त्याच्या समर्थकांचा मुद्दा हलका नाही. गरिबाला धान्य, औषध किंवा शाळेची फी दाखवून धर्म बदलायला लावलं तर त्याचं स्वातंत्र्य कुठे उरलं? पण संविधान सभेतली चर्चा निकालात विचारात घेतलेली नाही, असा आक्षेप घटनातज्ज्ञांनी घेतलेला आहे. शिवाय सांगणारा थांबला आणि ऐकणाऱ्याने स्वतः निर्णय घेतला, तर ते धर्मांतर कुणाचं कृत्य? विवेकाचं स्वातंत्र्य ऐकणाऱ्यालाही आहे. त्यात मन बदलण्याचं स्वातंत्र्य येतंच. ‘सांगणं’ आणि ‘आणणं’ यांच्यात न्यायालयाने जी रेष ओढली ती ‘रविवारी येतोस का?’ या प्रश्नाच्या बरोबर मधून जाते. येणं म्हणजे खोलीत येणं की धर्मात येणं? विचारणाऱ्याच्या मनात दोन्ही असू शकतं.

व्यवहारात ही रेष जेवणाच्या पानाशी दिसते. प्रार्थनेनंतर आलेल्या पाहुण्याला मटण-भात वाढला तर ते आमिष का? सत्यनारायणाच्या प्रसादाला किंवा हळदीकुंकवाच्या वाणाला कुणी आमिष म्हणत नाही. पण हळदीकुंकवाला आलेल्या बाईने पुढे धर्म बदलावा अशी यजमानणीची अपेक्षा नसते, ही गोष्टही मान्य करायला हवी. फरक हेतूचा आहे, आणि हेतू पोलिसांना पंचनाम्यात लिहिता येत नाही. म्हणून जाणत्या मंडळ्यांनी आपापल्या चौकटी घालून घेतल्या: नव्याने येणाऱ्याला पैशाची मदत करायची नाही, नोकरी लावून द्यायचा शब्द द्यायचा नाही, आजाऱ्यासाठी प्रार्थना केली तरी डॉक्टरची गोळी बंद करायला सांगायचं नाही, आणि बाप्तिस्म्याची घाई करायची नाही. बाप्तिस्म्याच्या बाबतीत आणखी एक गाठ १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाची. ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या. दिघा-ऐरोलीकडच्या वस्त्यांत ‘येतो, पण पाण्यात उतरत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या बोलण्यात श्रद्धेइतकाच मुलांच्या दाखल्याचाही विचार असतो.

नवी मुंबईचं म्हणाल तर इथे आमंत्रणाशिवाय काही चालण्यासारखंच नव्हतं. शहर वसवणारं महामंडळ १९७० मध्ये स्थापन झालं, खाडीवरचा पूल १९७३ मध्ये सुरू झाला, मानखुर्दहून लोकल वाशीला आली ती १९९२ मध्ये. अहमदनगर, जालना, विदर्भ, केरळ, तामिळनाडू अशा ठिकाणांहून आलेल्या माणसाला शेजाऱ्याचं आडनावसुद्धा ठाऊक नसे. नव्या नोडमध्ये, म्हणजे शहराच्या नव्या वसाहतीत, पहिली आमंत्रणं ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांनाच दिली: ‘आमच्याकडे सेक्टर नऊमध्ये संध्याकाळी प्रार्थना असते, या.’ चर्चसाठी भूखंड मिळणं पुढची गोष्ट, तोवर वन-बीएचकेचा हॉल किंवा रविवारी भाड्याने मिळणारा शाळेचा वर्ग. बिगरख्रिस्ती मित्र आला तो त्याच दारातून, बहुधा मुलांच्या वाढदिवसाला, मग नाताळला.

आज सोसायट्यांची घडी वेगळी आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पाहुण्याची नोंद गेटवरच्या अ‍ॅपवर होते, क्लब हाऊस धार्मिक कामाला देत नाहीत आणि टाळ्यांचा आवाज वाढला की ग्रुपवर मेसेज पडतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने सक्तीच्या धर्मांतरावर कायद्याचा अभ्यास करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. तेव्हापासून निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं की तोंडीच द्यायचं, यावरही मंडळ्यांत चर्चा होते.

त्याहून महत्त्वाचा वाद दुसराच आहे. नाताळच्या सुमारास ‘कल्चरल प्रोग्राम आहे, फॅमिलीला घेऊन या’ म्हणून बोलवायचं आणि नाच-गाण्यांच्या मध्ये वीस मिनिटांचा उपदेश ठेवायचा, ही रीत काही ठिकाणी रुळली होती. तरुणांना त्यात गैर वाटत नाही. उपदेश आधी सांगितला तर कोण येणार, असं ते विचारतात. मला ती लबाडी वाटते, आणि कायदा नसता तरी वाटली असती. बायबलमध्ये येशूचा शिष्य फिलिप्प याने नथनेलाला येशूकडे बोलावताना ‘येऊन पाहा’ म्हटलं तेव्हा काय पाहायचं आहे ते आधी सांगितलं होतं. आता बऱ्याच कार्डांवर स्पष्ट छापलेलं दिसतं: ‘उपासना, सकाळी १०. नंतर जेवण.’