'वेन्सडे'च्या आधीची दहा वर्षं

२३ नोव्हेंबर २०२२ ला नेटफ्लिक्सवर 'वेन्सडे' आली आणि तिच्यात वेन्सडे ॲडम्स झालेल्या जेना ओर्टेगाचं नाव जगभर झालं. पहिल्याच आठवड्यात ही मालिका एकूण ३४ कोटी तासांहून जास्त वेळ पाहिली गेली. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी मालिकांमध्ये तो तेव्हाचा विक्रम होता. दोन वेण्या, काळे कपडे आणि न लवणाऱ्या पापण्या. आपल्याकडेही अनेकांनी आधी रीलमधला तिचा नाच पाहिला, मालिका नंतर. 'एका रात्रीत स्टार' हे मथळेही ओघाने आलेच. तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि त्यातली दहा वर्षं कॅमेऱ्यासमोर गेली होती.

तिचा जन्म २७ सप्टेंबर २००२ चा, कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्यातला. सहा भावंडांत चौथी. सिनेमावाल्यांचं घर नव्हे. आई इस्पितळाच्या इमर्जन्सी विभागात नर्स. पोरीने लहानपणीच अभिनयाचा हट्ट धरला. शेवटी आईने तिचा एक संवाद चित्रित करून फेसबुकवर टाकला, तो कास्टिंगवाल्यांच्या नजरेस पडला आणि ऑडिशनच्या वाऱ्या सुरू झाल्या. घरापासून लॉस एंजेलिस दोनशेएक किलोमीटर, म्हणजे पुण्याहून मुंबई गाठायची आणि वर थोडं. नोकरी सांभाळून आईच तिला गाडीने न्यायची.

सुरुवातीची कामं अगदी चिल्लर. 'आयर्न मॅन ३' (२०१३) मध्ये ती उपराष्ट्राध्यक्षांची मुलगी आहे, पण क्षणभरच. संवाद होते ते कात्रीत गेले. २०१४ पासून 'जेन द व्हर्जिन'मध्ये ती नायिकेचं लहानपण साकारू लागली. २०१६ मध्ये डिस्नेच्या 'स्टक इन द मिडल'मध्ये थेट मुख्य भूमिका, सात भावंडांतल्या मधलीची. तीही घरी मधलीच, त्यामुळे अभ्यास फारसा करावा लागला नसणार!

डिस्नेचा शिक्का पुसणं सोपं नसतं. तिने तो पुसला 'द फॉलआउट'ने (२०२१). शाळेतल्या गोळीबारातून वाचलेल्या मुलीची ही गोष्ट. गोळीबार दिसत नाही, फक्त ऐकू येतो, आणि आपण स्वच्छतागृहात लपलेल्या मुलींचे चेहरे बघत राहतो. माझ्या मते तिचं सर्वांत चांगलं काम अजूनही हेच. २०२२ च्या जानेवारीत नवा 'स्क्रीम' आला, त्याच वर्षी 'एक्स', आणि भयपटांची नायिका ही ओळख पक्की झाली.

'वेन्सडे'साठी रुमानियात तळ ठोकून ती चेलो आणि तलवारबाजी शिकली. तो गाजलेला नाच तिने स्वतःच बसवला. चित्रीकरणाच्या वेळी अंगात कणकण होती, तपासणीत कोविड निघाला. मालिका गाजल्यावर तिने एका मुलाखतीत सांगून टाकलं की, न पटणाऱ्या ओळी आपण सेटवर परस्पर बदलायचो. लेखक मंडळी चिडली. दुसऱ्या पर्वात मात्र ती निर्मात्यांच्या यादीत होती.

आता पैशांची गोष्ट. कॅलिफोर्नियात बालकलाकाराच्या मेहनतान्यातले १५ टक्के काम देणाऱ्याने परस्पर त्याच्या नावच्या बंद खात्यात भरायचे असतात. शंभर डॉलर मिळाले तर पंधरा बाजूला. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत आईबापही त्यांना हात लावू शकत नाहीत. या धंद्यात त्याला 'कूगन अकाउंट' म्हणतात. हे नाव जॅकी कूगनचं. १९२१ मध्ये चॅप्लिनच्या 'द किड'मधलं ते पोर. लहानपणी त्याने कमावलेले पैसे तीस-चाळीस लाख डॉलरच्या घरात असल्याचा अंदाज आहे. सज्ञान झाल्यावर बघतो तर आई आणि सावत्र वडिलांनी बहुतेक सगळे उडवलेले. १९३८ मध्ये त्याने कोर्टात दावा लावला. हाती आले जेमतेम सव्वा लाख. १९३९ मध्ये कायदा झाला, पण त्यात फटी होत्या. २००० पासून तो कडक झाला, जेनाच्या जन्माच्या दोन वर्षं आधी.

कूगनला पुढे फार मोठी कामं मिळाली नाहीत. पन्नाशीला आल्यावर टीव्हीने त्याला हात दिला. १९६४ मध्ये 'द ॲडम्स फॅमिली' पहिल्यांदा छोट्या पडद्यावर आली. तिच्यात सहा वर्षांची एक मुलगी वेन्सडे झाली होती आणि तोंडात बल्ब पेटवून दाखवणारा तिचा टकला फेस्टर काका होता जॅकी कूगन.