सुखान्ताचा आभास (साहित्य)

गोष्ट लग्नावर, पुनर्भेटीवर नाहीतर राज्य मिळण्यावर आणून थांबवली की पुढचं सगळं सुखातच गेलं असं ऐकणारा धरून चालतो, त्याला सुखान्ताचा आभास म्हणता येईल. व्रतांच्या कहाण्यांतलं ‘सुफळ संपूर्ण’ घराघरात पाठ आहे. नाट्यशास्त्रात कार्याची शेवटची अवस्था फलागम, म्हणजे नायकाला हवं ते फळ मिळणं, आणि संस्कृत नाटकं बहुतेक तिथेच संपतात. भासाचं मानलं जाणारं ऊरुभंग हे नाटक दुर्योधनाच्या मृत्यूवर संपतं, तो ठळक अपवाद.

विदर्भात हा विषय जास्त जवळचा आहे, कारण इथल्या लेकींच्या लग्नाच्या कथा देशभर गेल्या. रुक्मिणीचं माहेर कुंडिनपूर, म्हणजे बहुधा वर्धा नदीकाठचं आजचं कौंडिण्यपूर (ता. तिवसा, जि. अमरावती). लग्न जुळावं म्हणून उपवर मुली एकनाथांचं रुक्मिणीस्वयंवर (१५७१) वाचतात, ते लग्नसोहळ्यापाशी संपतं. पण महाभारताच्या मौसलपर्वात कृष्णामागे रुक्मिणी अग्निप्रवेश करते, तो भाग या पारायणात येतच नाही. दमयंतीही विदर्भाचीच, स्वयंवरात देवांना सोडून तिने नळाला माळ घातली आणि पुढे वनात तोच नळ दोघांत असलेल्या एकाच वस्त्राचा अर्धा तुकडा कापून घेऊन तिला झोपेत सोडून गेला. कालिदासाच्या रघुवंशातली विदर्भाचीच राजकन्या इंदुमती तर आकाशातून पडलेल्या फुलांच्या माळेनं मरते. म्हणजे स्वयंवराच्या पुढचं जुन्या ग्रंथांनी लपवलेलं नाही, आपण वाचायचं थांबतो.

संस्कृत नाटककार भवभूतीचा (साधारण ७वं शतक अखेर ते ८व्याची सुरुवात) विचार इथे करावाच लागतो. तो स्वतःचं गाव दक्षिणापथातलं पद्मपूर सांगतो. त्याच्या मालतीमाधव नाटकाच्या काही हस्तलिखितांत ‘विदर्भात’ असंही येतं, काहींत नाही, म्हणून वाद. संशोधक वा. वि. मिराशींनी ते आमगावजवळचं पद्मपूर (आता जि. गोंदिया) ठरवलं, दुर्गला मिळालेल्या वाकाटक राजघराण्याच्या अपुऱ्या ताम्रपटात पद्मपुराचं नाव आहे हा त्यांचा मोठा आधार. काहींनी ग्वाल्हेरजवळच्या पद्मावतीकडे बोट दाखवलं, पण ते त्या नाटकातल्या कथेचं गाव आहे, कवीचं नव्हे, त्यामुळे मिराशींचं मत जास्त पटतं.

त्याच्या उत्तररामचरितात राम-सीता शेवटी एकत्र येतात; वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीत जाते. हा बदल त्याने उघडपणे केलाय. सातव्या अंकात गंगेकाठी वाल्मीकी अप्सरांकडून नाटक करवतात, राम ते बघता बघता बेशुद्ध पडतो आणि मग अरुंधती खऱ्या सीतेला घेऊन येते. सीतात्यागानंतरची बारा वर्षं मात्र त्याने पुसलेली नाहीत, तिसऱ्या अंकात अदृश्य सीता रामाचा विलाप ऐकते ते वाचून पुढचं मीलन आनंदाचं वाटलं तरी हलकं वाटत नाही.

आजही पूर्व विदर्भातल्या वडसा-देसाईगंजकडच्या झाडीपट्टी या लोकप्रिय रंगभूमीवर रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, त्यात लग्नानंतरच्या घरगुती भांडणांना आणि दुःखाला भरपूर जागा असते.