ओनेरोआ की ओनेतांगी? वायहेकेला जाताना एवढं आधी ठरवा

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून जवळच्या वायहेके बेटावर जायचं ठरलं की घरात कुणीतरी म्हणतं, "त्या ओने-काहीतरी बीचला जाऊ." सगळे हो म्हणतात, घर बुक होतं, आणि प्रत्येकाच्या मनात वेगळा किनारा असतो. कारण 'ओने'ने सुरू होणारे किनारे दोन आहेत, ओनेरोआ आणि ओनेतांगी. दोन्ही बेटाच्या उत्तरेला, दोन्हींवर फिकट वाळू, दोन्ही एकाच बसच्या वाटेवर. पण पहिलं गाव बोटीच्या धक्क्यापासून बसने पाच मिनिटांवर आणि दुसरं जवळजवळ अर्ध्या तासावर.

आई-बाबा नाशिकहून आले होते तेव्हा आमचं नेमकं हेच झालं. घर ओनेतांगीला घेतलेलं आणि आम्ही बॅगांसकट उतरलो ओनेरोआला. भर उन्हात आई गुडघा धरून बसस्टॉपच्या बाकावर बसली होती आणि मी फोनवर घराचा पत्ता तिसऱ्यांदा वाचत होतो. पुढची बस येईपर्यंत तिने एकदाही कुरकुर केली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी नावं. माओरी भाषेत 'ओने' म्हणजे वाळू. 'रोआ' म्हणजे लांब, 'तांगी' म्हणजे रडणं किंवा आवाज करणं. म्हणजे एक लांब वाळूचा किनारा, दुसरा रडणाऱ्या वाळूचा. 'तांगी'मधला उच्चार आपल्या 'वाङ्मय'मधल्या ङ सारखा नाकातून येतो, त्यात ग ठासून म्हणायचा नाही. हा अर्थ कळूनही गोंधळ संपत नाही, उलट वाढतो, कारण 'लांब वाळू' हे नाव ओनेरोआचं असलं तरी बेटावरचा सगळ्यात लांब किनारा ओनेतांगीचा आहे, जवळपास दोन किलोमीटर. नावावरून अंदाज बांधणारा इथे हमखास चुकतो.

शहरातून सुटणारी प्रवासी बोट ४० मिनिटांत मातियातियाच्या धक्क्याला लागते. तिथून ओनेरोआ सुमारे दोन किलोमीटर. चढ आहे, पण धडधाकट माणूस अर्ध्या तासात चालत पोचतो. ओनेरोआ हे बेटाचं मुख्य गाव. दुकानं, कॉफी, वाचनालय, औषधांचं दुकान सगळं एका रस्त्यावर, आणि रस्त्याच्या खालच्या अंगाला समुद्र. खाडी आडोशाची असल्यामुळे पाणी बहुधा शांत असतं, शिडाच्या बोटी नांगर टाकून उभ्या असतात. पूर्वेच्या टोकाला लिटल ओनेरोआ नावाचा छोटा किनारा आहे, तिथे मुलांसाठी झोके-घसरगुंड्या आणि झाडांची सावली. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असेल, सोबत आजी-आजोबा किंवा तान्हं बाळ असेल, तर दुसरा विचारच करू नका, ओनेरोआला उतरा.

ओनेतांगीला मात्र मुक्काम हवा. समोर मोकळा समुद्र असल्यामुळे वारा उत्तरेचा असला की लाटा उठतात. मुलांना त्यातच मजा येते, पण लहानांवर सतत लक्ष ठेवावं लागतं. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर ग्रेट बॅरियर आणि लिटल बॅरियर ही बेटं दिसतात. किनाऱ्यालगत खायची दोन-तीन ठिकाणं आहेत, बाकी पसारा नाही, त्यामुळे वाणसामान आधीच घेऊन जा. ओहोटी लागली की वाळू इतकी रुंद आणि घट्ट होते की आमच्या मुलीने आजोबांना गोलंदाज करून तासभर क्रिकेट खेळलं. पूर्वी इथे ओहोटीच्या वाळूवर घोड्यांच्या शर्यती झाल्या आहेत, ते पायाखालची वाळू बघून लगेच पटतं.

द्राक्षमळे दोन्हीकडे आहेत, फरक मांडणीत आहे. ओनेरोआच्या बाजूला मडब्रिक आणि केबल बे हे टेकडीवरचे मळे, तिथून पाण्यापलीकडे ऑकलंड शहर दिसतं. ओनेतांगीच्या मागच्या खोऱ्यात स्टोनीरिजसारखे मळे आहेत. स्टोनीरिजची पहिली लागवड १९८२ची. वायहेकेची ओळख लाल वाइनची, कॅबर्ने, मर्लो आणि सिराह या द्राक्षांची.

वाइन चाखण्यात बाबांना रस नव्हता, त्यांना वेली बघायच्या होत्या. आमच्याकडे मांडवावर डोक्याच्या उंचीला घड लोंबतात, इथे सरळ रांगा आणि घड गुडघ्या-कमरेच्या मध्ये. बाबा वाकून बघत राहिले. पाखरांपासून राखायला रांगांवर पांढरी जाळी ओढलेली होती. मग त्यांनी विचारलं, "छाटणी किती वेळा?" एकदाच, हिवाळ्यात, असं उत्तर मिळालं. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते नवल वाटलं. इथल्या थंडीत वेल पानं टाकून झोपते, आपल्याकडे तिला तशी झोप मिळत नाही, हे त्यांनीच मग नातीला समजावून सांगितलं. हे खोरं मला टेकडीवरच्या देखाव्यापेक्षा जास्त आवडतं, कारण इथे मळा मळ्यासारखा दिसतो.

मुक्काम कुठेही करा, एक गोष्ट लक्षात ठेवा. बेटावरची बहुतेक घरं छपरावरून टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर चालतात. अंघोळी आटोपशीर करा आणि मुलांना नळ बंद करायला सांगा. ऊनही फसवं आहे. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे हे दोन्ही किनारे दिवसभर तापतात आणि वारा गार असल्यामुळे कातडी भाजते आहे हे कळत नाही. आईच्या मानेला दोन दिवस कोरफड लावावी लागली.

बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, हॉप कार्ड (ऑकलंडचं प्रवासाचं कार्ड) भरून ठेवा. बसवर ओनेतांगी लिहिलेलं असलं तरी ती ओनेरोआवरूनच जाते, तेव्हा पाटी बघून घाईने उतरू नका, चालकाला विचारा. परतताना ओनेतांगीहून बोटीच्या वेळेआधी किमान तासभर निघा. उन्हाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी मातियातियाला लांबच लांब रांग लागते, आणि बोट भरली की पुढच्या बोटीची वाट बघत धक्क्यावर उभं राहावं लागतं.